आईला घेऊन मित्रमंडळींबरोबर बेटावर जाताय? कामांचा क्रम आधी नीट लावा

आई किंवा बाबा आणि सोबत चार-सहा मित्र, असा बेत ठरला की बहुतेक जण सगळ्यात आधी विमानाची तिकिटं काढतात. मग फोटोत छान दिसणारं हॉटेल, मग समुद्रातल्या खेळांची यादी. निघायच्या आठवड्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की बोटीतून गुडघाभर पाण्यात उडी मारून उतरायचं आहे आणि आईला जिना चढतानाही कठडा लागतो. मग आई हॉटेलच्या खोलीत आणि बाकीचे समुद्रावर, अशी सुट्टी होते.

क्रम उलटा लावा. सगळ्यात कमी चालणारा माणूस आधी, मग मुक्काम, मग बोट, मग विमान आणि सगळ्यात शेवटी खेळ. खाली सोयीसाठी ‘आई’ म्हटलंय. बाबांनाही हेच सगळं लागू.

टप्पा १: आईला नेमके प्रश्न विचारा

‘येशील ना?’ असं विचारलं की ‘तुम्ही म्हणाल तसं’ असंच उत्तर येतं. त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा हे विचारा:

- न थांबता किती वेळ चालता येतं? वाळूत, ओल्या फरशीवर?
- जमिनीवरून किंवा खालच्या खुर्चीतून आधाराशिवाय उठता येतं का?
- रात्री किती वेळा उठावं लागतं? अनोळखी खोलीत अंधारात बाथरूमपर्यंत जाता येईल का?
- बोट किंवा घाटातली गाडी लागते का?
- पाण्यात उतरायचं आहे, की काठावर पाय भिजवले तरी पुरे?
- तुला स्वतःला तिथे काय करायचंय?

शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. तो राहिला की आईचा अख्खा कार्यक्रम म्हणजे सामानाची राखण. ‘ती बसेल की किनाऱ्यावर’ हे वाक्य नियोजनात एकदा जरी आलं, तरी पुन्हा पहिल्यापासून बसा.

वाळूचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तोच महत्त्वाचा. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालताना गुडघे आणि घोटे सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त दमतात, काठी रुतते आणि साधी चाकाची खुर्ची तर जागची हलतच नाही.

टप्पा २: मित्रांशी चार गोष्टी आधीच ठरवा

‘माझी आई पण येतेय’ एवढा निरोप ग्रुपवर टाकून भागत नाही. एकदा फोनवर सगळ्यांनी बोला आणि ठरलेलं लिहून ठेवा.

खर्च: सगळा खर्च माणशी समान वाटायचा, हा नियम इथे चालत नाही. आई डायव्हिंग करणार नाही, रात्रीच्या पार्टीला येणार नाही. त्याचे पैसे तिच्या वाट्याला लावू नका. उलट तिच्यासाठी जवळची खोली किंवा वेगळी गाडी घेतली, तर तो फरक तुमचा, मित्रांचा नव्हे. बोट, गाडी आणि एकत्र जेवण एवढंच समान वाटा.

खोल्या: आईला कुणाबरोबर ठेवायचं हे तिला विचारून ठरवा. मैत्रिणीशी तिची कितीही गट्टी असली, तरी रात्री तीनदा दिवा लावावा लागणारी व्यक्ती दुसऱ्याच्या खोलीत अवघडून जाते.

दारू आणि रात्री: कोण किती पितं यावर प्रवचन नको. पण रोज रात्री एक माणूस न पिणारा हवा. आजारपण रात्रीही येतं आणि बेटावर गाडी किंवा बोट ठरवायला शुद्धीतला माणूस लागतो.

जबाबदारी: ‘काकूंची काळजी करू नकोस, आम्ही आहोत ना’ असं मित्र मनापासून म्हणतात. त्यांचं मन मोडू नका, पण त्यावर विसंबूही नका. रोजच्या गोळ्या, डॉक्टर आणि रात्रीची हाक ही तुमची कामं. मित्रांना ठरावीक वेळेचं ठरावीक काम द्या: ‘मंगळवारी सकाळी नऊ ते बारा तू आईबरोबर.’ असं वाटून दिलं की कुणी कुरकुरत नाही आणि तुम्हालाही समुद्रात जायला मिळतं.

तपासा: एखाद्या मित्राला हे सगळं जड वाटत असेल, तर त्याला आताच मोकळं करा. तिकिटं काढल्यावर ते जमत नाही.

टप्पा ३: निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी डॉक्टर

लसी लागणार असतील तर त्यांचा परिणाम व्हायला वेळ लागतो, आणि औषधांत बदल झाला तर तो मानवतो का ते घरीच कळलेलं बरं. डॉक्टरांना फक्त ‘फिरायला जातोय’ असं सांगू नका. ऊन, दमटपणा, बोट आणि विमानाचे तास असं सविस्तर सांगा आणि हे विचारा:

- लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर उष्ण हवेत किती पाणी प्यायचं? गोळीचं प्रमाण आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.
- क्षारसंजीवनी चालेल का? तिच्यात मीठ असतं, त्यामुळे हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका.
- बोट लागू नये म्हणून कोणती गोळी? यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना काही गोळ्या चालत नाहीत.
- चार तासांपेक्षा जास्त विमानप्रवास असेल, तर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घट्ट मोजे हवेत का?
- पाण्यात नळीने श्वास घेऊन पोहणं, म्हणजे स्नॉर्कलिंग, हृदयाला झेपेल का?

इशारा: बोटीची गोळी प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका. घरी एकदा देऊन बघा. गुंगी आलेल्या माणसाला हलणाऱ्या फळीवरून बोटीत चढवणं हे मळमळीपेक्षा जास्त धोक्याचं.

टप्पा ४: आधी महिना, मग बेट

ऑफ सीझनच्या स्वस्ताईला भुलू नका. बेटावर खराब हवामान म्हणजे नुसता पाऊस नव्हे. बोटी बंद होतात आणि तुम्ही जिथे आहात तिथेच अडकता. कॅरिबियन बेटांवर वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, तर मॉरिशस आणि फिजीकडे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. अंदमानात मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर असतो. एकाच देशातही फरक पडतो: थायलंडमध्ये फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला, तर कोह सामुईच्या बाजूला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, पाचेक अंशांच्या आत, चक्रीवादळं क्वचितच तयार होतात. पाऊस मात्र तिथेही भरपूर पडतो.

महिना पक्का झाला की प्रत्येक बेटाला दोन प्रश्न लावा. चोवीस तास चालणारं रुग्णालय किती अंतरावर आहे, आणि रात्री दोन वाजता तिथे पोहोचायचं कसं? उत्तर ‘सकाळच्या बोटीने’ असं असेल, तर हृदयविकार किंवा अनियंत्रित मधुमेह असलेल्या माणसाला तिथे मुक्कामाला नेऊ नका. ते बेट दिवसाच्या सहलीपुरतं ठेवा आणि मुक्काम मोठ्या बेटावर करा.

टप्पा ५: मुक्कामाची जागा फोन करून ठरवा

संकेतस्थळावर ‘समुद्रकिनाऱ्यालगत’ लिहिलेलं असतं. मधल्या ऐंशी पायऱ्या लिहिलेल्या नसतात. फोन करून विचारा: तळमजल्यावर खोली मिळेल का? गाडी दारापर्यंत येते का? बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, फरशी घसरडी आहे का? वीज गेली तर पंखा आणि एसी जनरेटरवर चालतो का? वयस्कर माणसाला उष्माघाताचा धोका जास्त, त्यामुळे रात्रीची थंड खोली ही चैन समजू नका. खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंतच्या रस्त्याचा ताजा फोटो मागवा. चांगली माणसं पाच मिनिटांत पाठवतात.

पाण्यावर खांबांवर उभारलेल्या कुट्या सुंदर दिसतात. पण त्यांपर्यंत लाकडी पुलावरून बरंच चालावं लागतं आणि पाण्यात उतरायला उभी शिडी असते. आईसाठी बागेतली खोली घ्या. त्या कुटीत मित्रांना खुशाल राहू द्या.

एकाच जागी मुक्काम ठेवा. दर दोन दिवसांनी बेट बदलण्यात तरुणांचाही अर्धा दिवस जातो. आईचा पूर्ण जातो, आणि दुसरा थकव्यात.

टप्पा ६: आधी बोट, मग विमान

इथे सर्वाधिक लोक चुकतात. विमान दुपारी तीनला उतरतं, सामान मिळेपर्यंत चार वाजतात आणि शेवटची बोट साडेतीनला सुटलेली असते. म्हणून:

१. मुक्कामाच्या बेटावर जाणाऱ्या बोटींचं त्या महिन्यातलं वेळापत्रक आधी मिळवा.
२. त्या वेळांना जुळेल असं विमान शोधा. मालदीवमधली समुद्रविमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तिथे संध्याकाळी उतरलात तर रात्र विमानतळाजवळच काढावी लागते.
३. परतताना विमानाच्या आदल्या रात्री विमानतळ असलेल्या बेटावर येऊन राहा. बोट रद्द झाली तर हाच एक दिवस तुम्हाला वाचवतो. ‘उगाच एक रात्र वाया’ असं म्हणणारा मित्र प्रत्येक कंपूत असतो. त्याचं ऐकू नका.
४. बोट कुठे लागते ते विचारा: धक्क्याला, तरंगत्या फलाटाला, की थेट वाळूवर? वाळूवर लागणार असेल तर आईला पाण्यात उतरावं लागेल.
५. चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी नोंदवा. चालता येत असलं तरी नोंदवा. मोठ्या विमानतळांवर चालणं संपता संपत नाही.

इशारा: स्पीडबोटीत पुढच्या टोकाला बसू नका. लाटेवर बोट आदळते तेव्हा सगळ्यात मोठा हादरा तिथेच बसतो आणि ठिसूळ हाडं असलेल्या माणसाचा मणका त्याने मोडू शकतो. आईची जागा मागच्या बाजूला, आणि उपलब्ध असेल तर स्पीडबोटीऐवजी मोठी फेरी.

टप्पा ७: विमा आणि कागद

आधीपासूनचे आजार लपवू नका. लपवलेत तर हप्ता थोडा कमी होईल, पण ऐन वेळी दावा फेटाळला जाईल. पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: आधीचे आजार, बेटावरून मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च आणि वयाची मर्यादा. मित्रांनी आपापल्या पॉलिसीत डायव्हिंगची परवानगी किती खोलीपर्यंत आहे ते पाहावं. परवाना नसताना स्कूटर चालवून पडलात, तर बहुतेक विमा कंपन्या पैसे देत नाहीत.

परदेशी जात असाल तर पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालणारा असावा. अनेक देश तसा नियम लावतात. आईची औषधं, आजार, ॲलर्जी आणि रक्तगट एका कागदावर लिहा, औषधांची रासायनिक नावं धरून. दुकानातलं नाव देशागणिक बदलतं, रासायनिक नाव बदलत नाही. एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक तुमच्याकडे आणि एक मित्राच्या फोनमध्ये. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि झोपेच्या काही गोळ्या काही देशांत परवानगीशिवाय नेता येत नाहीत, हेही आधी पाहून घ्या.

टप्पा ८: सामान

कपड्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही: सैल, सुती, लांब बाह्यांचे. लक्ष द्यायचं ते इथे.

सगळी औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत कधीच ठेवू नका, तिथे ते गोठू शकतं. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी निकामीच. बोटीत त्याची थंड पिशवी उन्हात ठेवू नका आणि बर्फाला थेट चिकटवू नका.

पाण्यात चालायचे मजबूत तळव्यांचे बूट सगळ्यांना हवेत, आणि मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी पाऊल टाकूच नये. पायांची संवेदना कमी झाली असेल तर तापलेली वाळू भाजते ते कळत नाही आणि प्रवाळाने कापलेलं संध्याकाळी रक्त दिसल्यावर कळतं. अशा जखमा लवकर चिघळतात. लगेच स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि रोज पाहा.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त घ्या. विकत घेण्याआधी त्या बेटाचे नियम पाहा: पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळाला अपायकारक ठरवलेल्या रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. डास पळवणारं मलम सनस्क्रीन वाळल्यावर, त्याच्यावर लावायचं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे ते फक्त संध्याकाळसाठी राखून ठेवू नका.

रात्री बाथरूमच्या वाटेवर लावायला एक छोटा दिवा घ्या. बॅगेतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू.

टप्पा ९: रोजचा दिवस दोन तुकड्यांत

पहिला दिवस रिकामा ठेवा. नुसतं पाणी, जेवण, झोप.

पुढे रोज सकाळी लवकर आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळे एकत्र. मधला वेळ, साधारण दहा ते चार, वेगवेगळा. याच वेळात अतिनील किरणं सगळ्यात प्रखर असतात. आई जेवून आडवी होते, मित्र बोटीने जातात आणि ज्याची पाळी असेल तो मागे थांबतो. संध्याकाळी मात्र सगळ्यांनी वेळेवर परतायचं. विषुववृत्ताजवळ वर्षभर सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. किनाऱ्यावरून परत निघायची वेळ सूर्यास्ताची नव्हे, त्याच्या अर्धा तास आधीची.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक रोज पाहा. बहुतेक ठिकाणी भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी नऊला जिथे खुर्ची टाकली होती, तिथे चार दिवसांनी त्याच वेळी पाणी असू शकतं किंवा नुसते टोकदार खडक.

तहान लागायची वाट पाहू नका. वय वाढलं की तहानेची जाणीव कमी होते. आईला दर तासाला पाणी द्या, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत.

इशारा: आई अचानक गोंधळल्यासारखी बोलू लागली, अंग तापलं किंवा तोल जाऊ लागला, तर ‘थकली असेल’ म्हणून सोडू नका. हा उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि ते करत असतानाच मदत बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजू नका.

मोठा प्रवाळमासा, विशेषतः बाराकुडा, खाणं टाळा. काही बेटांजवळच्या अशा माशांत सिग्वाटेरा ही विषबाधा करणारं विष साठतं. ते शिजवल्याने जात नाही आणि चवीवरून कळत नाही.

टप्पा १०: पाण्यात उतरण्याचा क्रम

आधी किनाऱ्यावर दहा मिनिटं उभे राहून नुसतं पाहा. फुटणाऱ्या लाटांच्या मधे एखादा शांत, गडद पट्टा दिसतो. बहुतेकांना वाटतं, आईला पाय भिजवायला हीच जागा बरी. पण पाणी परत आत ओढणारा प्रवाह बऱ्याचदा तिथेच असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जीव तोडून पोहू नका. तरंगत राहा, हात वर करा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा. वाचवायला दुसऱ्याने नुसती उडी मारू नये. तरंगणारी वस्तू फेकावी आणि जीवरक्षकाला बोलवावं.

स्नॉर्कलिंग सगळ्यांत सोपं समजलं जातं, म्हणून आईला त्यातच बसवतात. हवाईत पर्यटकांच्या बुडण्याच्या घटनांत मात्र त्याचा वाटा मोठा आहे. नळीतून श्वास घ्यायला जास्त जोर लागतो, आणि संकटात सापडलेला माणूस हातपाय मारेलच असं नाही. तो शांत तरंगतोय असंच वाटतं. म्हणून आधी कमरेएवढ्या पाण्यात, पाय टेकतील अशा जागी सराव करा. जीवरक्षक जाकीट आणि हाताच्या अंतरावर एक जोडीदार हवाच. धाप लागली की लगेच मुखवटा काढून पाठीवर तरंगायचं आणि बाहेर यायचं.

समुद्री साळू किंवा दगडमाशाचा काटा लागला, तर तो अवयव सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवल्याने वेदना कमी होतात, मग डॉक्टर. मधुमेह असेल तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याच्या हाताने पाहा.

टप्पा ११: शेवटचा दिवस आणि परतल्यावर

डायव्हिंग करणाऱ्या मित्रांनी विमानाआधी थांबायलाच हवं: एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८. बरेच जण सरसकट २४ पाळतात. म्हणजे शेवटचा दिवस त्यांच्यासाठी तसाही कोरडाच. तो आईला देऊन टाका: तिला परत जायचं असेल त्या जागी, तिच्या वेगाने, सगळ्यांनी मिळून.

हिशेब विमानतळावरच मिटवा.

घरी आल्यावर दोन आठवड्यांत कुणालाही ताप आला, तर डॉक्टरांना बेटाचं नाव आणि तारखा आपणहून सांगा. हिवताप असलेल्या भागात जाऊन आला असाल तर त्यानंतर काही महिन्यांनी ताप आला तरी सांगा. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आईला हृदयासाठी ॲस्पिरिन रोजच चालू असेल, तर ती स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.